फक्त सहीपुरती विश्वस्त?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या बाई बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या आहेत. गावात महिलांसाठी काम करणारी एक जुनी संस्था आहे. समुपदेशन केंद्र, शिवणवर्ग आणि घर सोडून आलेल्या बायकांसाठी काही दिवस राहण्याची सोय असं तिचं काम. संस्थापक ताई आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी आग्रह धरलाय, 'तू ट्रस्टी हो. काम काही नाही गं, वर्षातून दोन मीटिंगा आणि चार सह्या. बँकेतली बाई असली की संस्थेला वजन येतं.' ताईंचा मुलगा खजिनदार आहे, सून पगारी समन्वयक. यजमानांचं म्हणणं, 'नसती भानगड. उद्या काही झालं तर आपल्या घरापर्यंत येईल.' बाईंना वाटतं, आपल्याला सामाजिक कामाचा अनुभव नाही. ज्यांनी उभा जन्म या कामात घातला त्यांच्याकडे कागद मागणं शोभत नाही. आणि नाही म्हणावं तर ताई दुखावतील, गाव लहान आहे. दिवाळीपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात ताई आहेत, ताईंचा मुलगा आहे, सून आहे, तुमचे यजमान आहेत आणि गाव काय म्हणेल हेही आहे. ज्या बायकांसाठी ही संस्था चालते त्यांच्याबद्दल मात्र एकच ओळ आहे, तीही 'राहण्याची सोय आहे' एवढीच. दोष देत नाही. आग्रह करणारा माणूस रोज भेटतो. रात्री लेकरू कडेवर घेऊन तिथे आलेली बाई तुम्ही कधी पाहिलेलीच नाही. पण ट्रस्टी कोणाच्या वतीने बसते, हे एकदा मनाशी ठरलं की तुमचे बाकीचे बरेच प्रश्न सुटतील. संस्था ताईंनी उभी केली, हे खरंच. तरी ती नोंदली गेली त्या दिवसापासून त्यांच्या एकट्याची राहिली नाही. जागा, ठेवी, शिलाई मशीन, सगळं त्या बायकांसाठी सांभाळायला दिलेलं आहे. सांभाळणाऱ्यांत ताई एक, आणि तुम्ही हो म्हणालात तर तुम्हीही एक.

'दोन मीटिंगा आणि चार सह्या' हे ताई खोटं सांगत असतील असं मला वाटत नाही. आपल्याकडे कितीतरी संस्था अशाच चालतात. एक खमकं माणूस सगळा गाडा ओढतं आणि बाकीची नावं लेटरहेडवर छापलेली असतात. कायद्याला मात्र ही वाटणी मान्य नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० चा आहे, जुनी मंडळी अजून त्याला 'बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्ट' म्हणतात. त्याची अपेक्षा अशी, की व्यवहारी माणूस स्वतःच्या पैशाअडक्याची जेवढी काळजी घेईल तेवढी विश्वस्ताने संस्थेच्या पैशाची घ्यावी. 'ताईंनी सांगितलं म्हणून सही केली' हे उत्तर तिथे चालत नाही. तुम्हाला हे नवीन नाही. साहेबांनी सांगितलं म्हणून फाइल पास करणाऱ्या सहकाऱ्याचं चौकशीत पुढे काय होतं, ते बँकेत तुम्ही पाहिलं असणारच.

यजमानांची भीती इथेच येऊन मिळते, म्हणून त्यांचंही बघू. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. संस्थेचं कर्ज म्हणजे तुमचं कर्ज नाही, आणि प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय चुकला म्हणून कोणी तुमच्या दारात येत नाही. हयगयीमुळे किंवा गैरव्यवहारामुळे संस्थेचं नुकसान झालं, तर मात्र धर्मादाय आयुक्त, म्हणजे अशा संस्थांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी, चौकशी करून ते विश्वस्तांकडून भरून घेऊ शकतात, आणि त्या वेळी 'मी तर नावापुरतीच होते' म्हणून सुटता येत नाही. म्हणून काही गोष्टींना सरळ नकार द्यायचा. कोऱ्या चेकवर सही नाही. न झालेल्या सभेच्या प्रोसिडिंगवर सही नाही, मग शिपाई वही घेऊन घरी आला असला तरी. संस्थेच्या कर्जाला स्वतः जामीन राहायचं नाही. कर्ज काढायचं तर मुळात धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. जागा विकायला किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायलाही लागते. हे यजमानांना वाचून दाखवा. 'भानगड' म्हणून ते जे काही म्हणतात, त्यातलं बरंचसं या चार वाक्यांत आवरतं.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला खटकलं त्याकडे येते. 'ज्यांनी उभा जन्म घातला त्यांच्याकडे कागद मागणं शोभत नाही.' का बरं शोभत नाही? कागद मागणं म्हणजे संशय घेणं, असं आपण धरून चाललोय. बँकेत नवा शाखाधिकारी आला की पहिल्या दिवशी रोकड मोजून चार्ज घेतो. जाणारा अधिकारी त्याचा राग मानत नाही, उलट मोजून घेतल्याने त्याचीच मान मोकळी होते. ताईंनी इतकी वर्षं नेकीने काम केलं असेल, आणि तुमच्या पत्रावरून तसंच वाटतं, तर त्यांचे हिशेब कोणीतरी नीट वाचावेत ही त्यांचीही इच्छा असेल. बऱ्याच संस्थाचालक बायकांना मी हेच बोलताना ऐकलंय. मंडळावर माणसं आहेत, पण ताळेबंद उघडून 'हा खर्च कशाचा?' असं विचारणारं कोणी नाही.

तेव्हा हो म्हणण्याच्या आधी मागा. संस्थेची घटना किंवा ट्रस्ट डीड मागा. विश्वस्त किती, मुदत किती, गणपूर्ती किती म्हणजे सभेला कमीत कमी किती जण हवेत, सभा कोणी बोलवायची, हे सगळं त्यात असतं. तहहयात विश्वस्त असतील तर कोण कोण, तेही बघा. गेल्या तीन वर्षांची ऑडिट झालेली पत्रकं मागा. सभांच्या इतिवृत्ताची वही चाळा. ही वही फार बोलकी असते. वर्षाच्या सगळ्या सभा एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या तर काय समजायचं, ते तुम्हाला सांगायला नको. देणगीदारांना आयकरात सवलत मिळते असं संस्था सांगत असेल, ज्याला सगळे ८०जी म्हणतात, तर त्या नोंदणीची मुदत तपासा. पूर्वी ती कायमची असे. २०२१ पासून ठराविक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि लहान संस्था नेमक्या इथेच ठेचकाळतात.

एक कागद मात्र स्वतः मिळवा. सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढता येतो. विश्वस्त म्हणून सरकारदरबारी कोणाची नावं आहेत ते त्यावर असतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो 'चेंज रिपोर्ट' मंजूर झाला की या उताऱ्यावर नोंद होते. प्रत्यक्षात काय होतं? कुणी अर्जच देत नाही, दिला तर त्यात त्रुटी निघतात, वकील बदलतो, तारखा पडत राहतात. वारलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं उताऱ्यावर असलेल्या संस्था काही दुर्मिळ नाहीत. तुमच्या दृष्टीने याचे दोन अर्थ आहेत. आधीचे बदल अडकलेले असतील तर तुमची नेमणूकही त्याच रांगेत उभी राहील, आणि मध्येच कोणी वाद काढला तर तुम्ही विश्वस्त आहात की नाही इथपासून सुरुवात होईल. दुसरा अर्थ लोकांच्या लक्षात येत नाही. उद्या तुम्ही राजीनामा दिलात आणि संस्थेने बदल अर्जच दिला नाही, तर कागदावर तुम्ही तिथेच राहता. म्हणून हे सदर वाचणाऱ्या, आणि असंच कुठल्यातरी मंडळावर नाव असलेल्या सगळ्यांना सांगते: राजीनाम्याच्या प्रतीवर पोच घ्या, आणि नाव निघाल्याचा उतारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

मुलगा खजिनदार आणि सून पगारी. यावर गावात कुजबुज होत असणार, तुमच्या पत्रातही तिचा सूर जाणवतो. मी एवढ्यावरून निकाल देणार नाही. तालुक्याच्या गावात कमी पगारावर, वेळीअवेळी फोन घेणारी समन्वयक मिळवणं किती अवघड असतं, हे ज्यांनी संस्था चालवली त्यांनाच माहीत. अनुदान यायला महिनोनमहिने लागतात, तोवर बिनपगारी काम करणारी बहुतेक वेळा घरचीच असते. सून नोकरीला आहे यात गैर काही नाही. विचारायचं ते हे, की तिचा पगार कोणत्या सभेत ठरला, त्या सभेत मुलगा आणि ताई मतदानाला बसले होते का, आणि तिच्या कामाचा आढावा कोण घेतं. विश्वस्तांच्या नातेवाइकांना रास्त मोबदला देता येतो, अवाजवी लाभ दिला तर आयकर खात्यात संस्थेची सवलत अडचणीत येते. आणखी एक. चेकवर मायलेकांच्याच सह्या चालत असतील तर तिसरी, बाहेरची सही जोडायला सांगा. ती तुमचीच असायला हवी असं नाही.

इथपर्यंतचं सगळं कोणत्याही संस्थेला लागू आहे. ही संस्था मात्र घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देते, आणि गाव लहान आहे. तुमची खरी परीक्षा इथे होणार आहे. तुमचं नाव फलकावर लागलं की महिन्याभरात कुणीतरी घरी येईल. कदाचित नात्यातलं, कदाचित बँकेतला जुना खातेदार. 'मॅडम, आमची सून तिथे आहे म्हणे. जरा समजवा ना. घरातली गोष्ट आहे.' चहा पिऊन होईपर्यंत ते फार सज्जन दिसतील, खरोखर असतीलही. तुम्ही काय म्हणाल? 'ती तिथे आहे की नाही हेही मी सांगू शकत नाही' हे वाक्य तुमच्या तोंडून, तुमच्याच दिवाणखान्यात निघणार असेल तरच या मंडळावर जा. आमदारांच्या कार्यालयातून फोन आला तरी उत्तर हेच. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बाईचा ठावठिकाणा एका दयाळू ट्रस्टीच्या तोंडून फुटतो आणि तिला पुन्हा पळावं लागतं. दुष्टपणाने हे क्वचितच होतं. बहुतेक वेळा भिडेपोटी होतं.

त्याच कारणाने केसच्या फायली वाचायचा हक्क आपल्याला आहे असं समजू नका. किती बायका आल्या, किती दिवस राहिल्या, वकिलाची मदत किती जणींना मिळाली, घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किती प्रकरणं गेली, हे आकडे मागा, हवे तितके मागा. कोणाचं काय झालं ते समुपदेशकापाशीच राहू द्या. आणि सभेत पहिल्याच वर्षी एक विषय काढा, तो म्हणजे फोटो. दिवाळीला साड्यावाटप, देणगीदार मध्यभागी, बायका रांगेत, आणि संध्याकाळी तो फोटो गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर. लपून राहायला आलेल्या बाईचा चेहरा आपणच गावभर फिरवतो. देणगीदार रुसतील. एखादी देणगी जाईलही. मला विचाराल तर जाऊ द्या.

अजून एक कडू गंमत. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी, असा २०१३ चा कायदा आहे. महिला संस्थांची मंडळी कंपन्यांच्या समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून जातात आणि स्वतःच्या कार्यालयात समितीच नसते, असंही दिसतं. हेही विचारून ठेवा.

मोठी नावं आणि महिलांच्या संस्था हे नातं आपल्याकडे जुनं आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. सल्लागार मंडळावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी माणसं होती. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून येई आणि रोजचा कारभार रमाबाईंच्या हाती होता. सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, असा वाद पेटला तेव्हा १८९३ मध्ये या मंडळींनी अंग काढून घेतलं, आणि पाठोपाठ पुष्कळ मुलींना पालकांनी सदनातून काढून नेलं. चूक कोणाची यावर लोक आजही भांडतात, मी त्यात पडत नाही. मला त्यात दिसतं ते एवढंच, की नाव एकीकडे, पैसा दुसरीकडे आणि रोजचे निर्णय तिसरीकडे असले, तर वेळ आल्यावर नाव देणाऱ्याच्या हातात राजीनाम्याखेरीज काही उरत नाही. मोठ्या माणसाचा राजीनामाही संस्थेवर घाव घालतो, आणि त्याची किंमत आत राहणाऱ्या मुली मोजतात. त्यामुळे 'नाही जमलं तर देऊ राजीनामा' असा हिशेब करून आत शिरू नका.

'मला सामाजिक कामाचा अनुभव नाही' असं तुम्ही लिहिलंय. त्या संस्थेत समुपदेशक आहेत, शिवण शिकवणाऱ्या आहेत, स्वतः ताई आहेत. अनुभवाचा तिथे तोटा नाही. ठेव पावत्यांचे क्रमांक जुळवणारी, अनुदान संपलं तर किती महिने पगार निघतील हे सांगू शकणारी, आणि ताईंनंतर काय, हा प्रश्न सभेत मोठ्याने विचारणारी बाई तिथे आहे का? शेवटचा प्रश्न तुम्ही पत्रात टाळलाय. सत्तरीच्या पुढच्या संस्थापकांनी बाहेरची माणसं शोधायला सुरुवात केली, याचा एक चांगला अर्थही असू शकतो. कदाचित त्यांना 'वजन' नको असेल, वारस हवा असेल आणि तसं बोलता येत नसेल. मुलगा-सून हे चालवतील की नाही, चालवावं की नाही, याची चिंता त्यांनाही पडत असेल. विचारून बघा, पण एकट्या असताना विचारा.

आता हो की नाही. माझ्या मते या दोहोंच्या मध्ये बरीच जागा आहे आणि तुमच्यासारख्यांनी ती वापरावी. पुढचे सहा महिने निमंत्रित म्हणून सभांना बसा. मत नाही, सही नाही, नुसतं ऐकायचं. आठवड्यातून एक दुपार हिशेबाच्या कामाला द्या. संस्थेचं खरं रूप सभेपेक्षा त्या टेबलावर जास्त दिसतं, बिलं कशी येतात, कोण कोणाशी कसं बोलतं, आत राहणाऱ्या बायकांना हाक कशी मारली जाते. हे सगळं पाहून पटलं तर ट्रस्टी व्हा, तेही मुदतीसाठी, तीन किंवा पाच वर्षं, घटनेत असेल तसं. नाही पटलं, किंवा पटूनही जबाबदारी नको वाटली, तर ती हिशेबाची दुपार चालू ठेवा. कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत. संस्था उभ्या राहतात त्या अशा कामांवरही.

निवृत्तीनंतर कोणीतरी आपल्याला बोलावतंय, याचं सुख तुमच्या पत्रात ओळीओळीतून दिसतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या सुखाच्या भरात सही करू नका, इतकंच.

ताईंशी बोलताना घुमवून बोलू नका, त्यांना कळेल. असं म्हणता येईल: 'ताई, तुम्ही मला विचारलंत याचा आनंद आहे. मी यायचं तर नुसत्या नावाला येणार नाही, काम करायला येईन. म्हणून आधी घटना, तीन वर्षांची पत्रकं आणि प्रोसिडिंगची वही बघते, आणि काही महिने सभांना नुसती बसते.' मग गप्प राहा आणि त्या काय म्हणतात ते ऐका. 'ये उद्या, कपाटाची किल्ली देते' म्हणाल्या तर तुम्ही चांगल्या ठिकाणी आहात, पत्रकांत चार चुका निघाल्या तरी. चुका सुधारता येतात. 'ते मुलगा बघतो' म्हणाल्या तर मुलाकडे मागा, महिनाभर थांबा. 'तुझा माझ्यावर विश्वास नाही का?' असं आलं, तर तुमचं उत्तर नाही असं असू द्या, गोड शब्दांत, आणि गावाला कारण सांगत बसू नका. ताई आठ दिवस रुसतील. इतक्या वर्षांच्या संसारात आणि नोकरीत त्याहून मोठे रुसवे तुम्ही काढले असतील.

तुम्ही दिवाळीची मुदत दिलीत हे बरं झालं. संस्थांचं हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपतं आणि ऑडिट त्यानंतर सहा महिन्यांत व्हायला हवं. म्हणजे दिवाळीच्या सुमारास गेल्या वर्षाचा अहवाल तयार असायला हवा. पहिल्यांदा तोच मागा. ऑडिटरने शेवटी शेरे लिहिलेले असतात, पत्रकाच्या आधी ते वाचा.